कबड्डीत लेकीची नडगी मोडली: रॉड, ती रात्र आणि परत मैदानावर जाणं

वारणाकाठ

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लिहायला वेळ लागला कारण मधले काही आठवडे डोकं जागेवर नव्हतं.

लेक १७ वर्षांची, चढाईपटू. बोनस हा तिचा हातखंडा. उजवा पाय बोनस रेषेपलीकडे टेकवायचा, डावा हवेत, आणि समोरचा कोपरा (म्हणजे कडेची बचावपटू) हलायच्या आत माघारी. सात आठवड्यांपूर्वी शेजारच्या तालुक्यात मॅटवर सामना होता. उत्तरार्धात ती बोनसला गेली, डाव्या कोपऱ्याने घोटा धरला आणि त्याच क्षणी साखळीतल्या दोघी तिच्यावर आल्या. पाऊल मॅटला चिकटलेलं, अंग मात्र वळलेलं. मी रेषेबाहेर बसले होते. शेवग्याची फांदी मोडावी तसा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. गुडघा आणि घोटा यांच्या मधेच पाय वाकलेला दिसत होता.

आमच्या क्रीडाशिक्षकांचे उपकार फिटणार नाहीत. पाय ओढून सरळ करायला दोघंतिघं पुढे आले होते, सरांनी कुणाला हात लावू दिला नाही. खोक्याचा पुठ्ठा दोन्ही बाजूंनी लावला, मुलींच्या ओढण्यांनी बांधला आणि तसंच गाडीत घातलं. दवाखान्यात एक्स-रे झाला. नडगीची दोन्ही हाडं मधोमध मोडली होती, कातडी फाटलेली नव्हती. स्लॅब (अर्धं प्लॅस्टर) घातला, सकाळी हाडाच्या पोकळीत रॉड टाकू म्हणाले.

आता त्या रात्रीबद्दल. अकरापर्यंत ती बोलत होती, बोनसचा गुण दिला का म्हणून विचारत होती. नंतर गप्प झाली आणि मग कण्हायला लागली. इंजेक्शन दिलं की पंधरा मिनिटं बरं, मग आधीपेक्षा वाईट. मी तीनदा सांगायला गेले. तिन्ही वेळा उत्तर एकच, "अहो ताई, हाड मोडलंय, दुखणारच." आणि ते मला पटलं, हे आता फार सलतं. बोटं बँडेजबाहेर होती, गुलाबी आणि गरम. रक्त व्यवस्थित चाललंय असं मी स्वतःलाच समजावत बसले.

अडीचच्या सुमारास एक शिकाऊ डॉक्टर फेरीवर आला. पोरगाच होता, पंचविशीचा. त्याने तिचा अंगठा हलकेच खाली वाकवला आणि ती अशी किंचाळली की अख्खा वॉर्ड जागा झाला. त्याने कात्री घेतली, बँडेज वरपासून खालपर्यंत कातडी दिसेतो कापलं, पोटरी दाबून पाहिली आणि धावतच फोन करायला गेला. पाऊण तासात तिला थेटरात नेलं. नडगीच्या दोन्ही बाजूंना वीतभर लांब चिरे दिले, ते उघडेच ठेवले आणि त्याच बैठकीत रॉड टाकला. पाचव्या दिवशी आतल्या बाजूचा चिरा टाक्यांनी बंद झाला. बाहेरच्या चिऱ्यावर मांडीची कातडी काढून लावावी लागली.

सध्या ती कुबड्यांवर आहे, थोडा भार टाकते. माझे प्रश्न असे:

अंगठा अजून नीट वर उचलत नाही. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात बधिर आहे. हे सुधारतं का? रॉड काढावाच लागतो का? घरचे म्हणतात हाडवैद्याकडून चोळून घेऊ, ते चालेल का? आणि तिचा प्रश्न, पाच महिन्यांनी निवड चाचणी आहे, ती देता येईल का?

डॉ_कोकणकडा

ताई, वाचताना आधी तो शिकाऊ डॉक्टर डोळ्यांसमोर आला. मी हाडांचा डॉक्टर आहे. मुलीला मी तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण त्या रात्री काय झालं ते नीट लिहितो, कारण ते खेळाडूंच्या प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

गुडघ्याखाली स्नायूंचे चार कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याभोवती पांढरा, चिवट पडदा असतो आणि तो फारसा ताणत नाही. हाड मोडलं की आत रक्त साचतं, स्नायू सुजतो, जागा मात्र तेवढीच राहते. दाब वाढत गेला की आधी बारीक रक्तवाहिन्या चेपतात. मोठ्या धमनीतला दाब जास्त असल्याने ती वाहतच राहते. म्हणून पावलावर नाडी लागते, बोटं गुलाबी दिसतात, आणि आत स्नायू गुदमरत असतो. गुलाबी बोटं बघून तुमची समजूत झाली तशी शिकलेल्या लोकांचीही होते. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. तरुण माणसाची मोडलेली नडगी हे त्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण आहे. सहाएक तास दाब तसाच राहिला तर स्नायू कायमचा मरू लागतो.

त्याची खूण दुखण्यातच आहे. मोडलेलं हाड आधार दिल्यावर आणि औषध दिल्यावर निवत जातं. हे दुखणं उलट चढत जातं, इंजेक्शनला जुमानत नाही, आणि बोट दुसऱ्याने हलवलं की असह्य कळ येते. पोटरी किंवा नडगीचा भाग हाताला घट्ट, लाकडासारखा लागतो. बधिरपणा, बोटं न हलणं हे नंतरचं. नाडी जाणं तर फारच उशिराचं, त्याची वाट पाहायची नसते. अशा वेळी बँडेज, कापूस, स्लॅब सगळं कातडीपर्यंत कापायचं, पाय छातीच्या पातळीवर ठेवायचा (उशा रचून उंच करायचा नाही, त्याने रक्त आणखी कमी पोहोचतं) आणि सर्जनला बोलवायचं. मग पडदा कापून चारही कप्पे मोकळे करण्यावाचून इलाज नाही. ते चिरे दिसायला भयंकर, पण त्यांनीच पाय वाचतो.

तुमच्या प्रश्नांकडे येतो. पुढच्या कप्प्यातून जी नस जाते तीच बेचक्यातली जाणीव आणते आणि अंगठा वर उचलणारे स्नायूही तीच चालवते. म्हणजे दाब मुख्यतः तिथे होता. नस सावकाश सुधारते, आतून नव्याने वाढायची वेळ आली तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर. महिने मोजायची तयारी ठेवा. रात्री पाऊल खाली पडून टाचेची शीर आखडू नये म्हणून पट्टा दिला असेल तर तो चुकवू नका.

रॉड काढलाच पाहिजे असं नाही. काही टोचत, खुपत नसेल तर आयुष्यभर राहू शकतो. काढायचा झाला तर हाड पूर्ण भरल्यावर, साधारण वर्ष-दीड वर्षाने. काढल्यानंतर स्क्रूची भोकं भरेपर्यंत हाड तिथे कमजोर असतं, त्या काळात खेळ नाही.

मोडलेल्या जागी चोळणं नाही. पाच महिन्यांनी चाचणी, तेही नाही. हे तिला माझ्या नावाने सांगा हवं तर.

मातीतला_चढाईपटू

वारणाकाठ ताई, पोरीला माझा आशीर्वाद सांगा. मी साठी ओलांडलेला माणूस. नायगाव, लालबागच्या मातीत खेळलो. १९८३ साली माझीही नडगी मोडली, तीही उजवीच.

आमच्या वेळी रॉड सर्रास टाकत नसत. मला मांडीपासून बोटांपर्यंत प्लॅस्टर घातलं. साडेचार महिने. आत खाज सुटायची म्हणून आई विणकामाची सुई घालून खाजवायची, त्याने जखम झाली ती वेगळीच. प्लॅस्टर काढलं तेव्हा पाय माझा वाटेना. पोटरी मनगटाएवढी झाली होती, गुडघा वाकेना, घोटा हलेना. हाड जुळलं, पण थोडं तिरकं जुळलं. आजही चप्पल बाहेरच्या कडेने झिजते. मी परत खेळलो नाही. खेळता आलं असतं की नाही हे मला कोणी सांगितलंच नाही, पाय कसा तयार करायचा हे सांगणारं माणूसच तेव्हा आमच्याकडे नव्हतं.

म्हणून सांगतो, सात आठवड्यांत पोर कुबड्यांवर पाऊल टेकते आहे हीच केवढी मोठी गोष्ट आहे.

एक निरीक्षण. मातीत पाय धरला तरी थोडा घसरतो, सुटतो. मॅटवर रबरी तळाचा बूट पाऊल सोडत नाही, मग पिळा वर गुडघ्याला नाहीतर नडगीला बसतो. मॅट वाईट असं म्हणत नाही, मातीत खरचटून गुडघे सोलायचे, खड्ड्यात घोटे जायचे. पण मॅटवर खेळायचं तर मॅटवर सराव हवा. आमच्याकडच्या मुली वर्षभर मातीत खेळतात आणि सामन्याच्या दिवशी बूट घालून मॅटवर उतरतात.

डॉ_कोकणकडा

काका, तुमचा प्रतिसाद वाचून दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या. हाडाच्या पोकळीत सळई घालायची पद्धत जर्मनीत कील शहरात गेरहार्ड क्युंटशर या सर्जनने १९३९ साली माणसावर वापरली, मांडीच्या हाडात. ते महायुद्धाचं वर्ष. जर्मनांच्या कैदेतले मांडी मोडलेले सैनिक मायदेशी परतल्यावर दोस्तराष्ट्रांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढले तेव्हा आत लांबच लांब सळई पाहून ते थक्क झाले. महिनोंमहिने वजन लावून खाटेवर पडायचं, त्याऐवजी ही माणसं चालत होती.

ती जुनी सळई आत फिरू शकायची. वर आणि खाली आडवे स्क्रू घालून हाड तिच्याशी बांधण्याची पद्धत सत्तरच्या दशकात रुळली, आणि तेव्हापासून पिळवटून मोडलेली नडगीही रॉडने धरता येऊ लागली. पाय थेट उघडावा लागत नाही. गुडघ्याच्या वाटीखाली छोटा छेद, तिथून पोकळीत तार, तारेवरून रॉड, आणि सी-आर्मच्या (थेटरातल्या एक्स-रे यंत्राच्या) पडद्यावर बघत बघत खालचे स्क्रू. मोडलेली जागा उघडत नाही म्हणून तिथे साचलेलं रक्त जागेवरच राहतं. त्याच रक्तातून नवं हाड उभं राहतं, हे मला आजही थेटरात दर वेळी नवलाचं वाटतं.

सायली_नगर

मध्येच विचारते, माफ करा. माझा मुलगा ११ वर्षांचा, खो-खोत पळताना नडगी मोडली आहे. त्यालाही असाच रॉड टाकतील का?

डॉ_कोकणकडा

नाही. त्याची गुडघ्याजवळची वाढीची चकती अजून उघडी आहे. वरून जाड रॉड घातला तर ती दुखावते आणि पाय वाकडा वाढू शकतो. या वयात बऱ्याचदा प्लॅस्टरवर भागतं. हाड जागेवर राहत नसेल तर टायटॅनियमच्या दोन लवचिक सळ्या चकती टाळून बाजूने घालतात आणि काही महिन्यांनी काढतात. मुलांची हाडं झपाट्याने भरतात, धीर ठेवा.

रानवाटा

सगळ्यांचं वाचलं. हाडवैद्यांबद्दल थोडं वेगळं बोलायचं आहे. आमच्या भागात हाडांचा डॉक्टर साठ किलोमीटरवर. हाडवैद्य गावात, रात्री उठवला तरी दार उघडतो, पैसे मागत नाही, नारळ ठेवला तरी चालतं. माझ्या भावाचं गळपट्टीचं हाड कुस्तीत मोडलं होतं, वैद्याने लेप लावून, हात गळ्यात बांधून महिन्यात बरं केलं. पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या अशी झटकून टाकू नये.

मुक्तछाया

रानवाटा, तुमच्या भावाचं बरं झालं याचा आनंद आहे. आमच्या घरात काय झालं ते सांगते. पुतण्या नऊ वर्षांचा, झाडावरून पडला, कोपराजवळ हाड मोडलं. वैद्याने बांबूच्या कामट्या लावून कापडाने करकचून बांधलं. रात्रभर पोर रडलं. "बांधलंय म्हणजे दुखणारच" हे आम्हीच त्याला सांगितलं. वारणाकाठ ताईंचं ते वाक्य वाचलं आणि अंगावर काटा आला. दोन दिवसांनी बांधणी सोडली तेव्हा बोटं वळली होती. आज तो बावीस वर्षांचा आहे. मनगट खाली वाकवल्याशिवाय त्याला बोटं सरळ करता येत नाहीत. पेन धरतो, पण पेल्याभोवती हात उघडत नाही. वैद्य माणूस चांगला होता, अजून भेटला की रडतो. त्याच्या वाईटपणाने काही झालं नाही, गाठ घट्ट बसली आणि ती सोडायची कुणाला सुचलं नाही.

डॉ_कोकणकडा

मुक्तछाया, जे झालं ते अगदी तेच आहे, पायाऐवजी हाताच्या कप्प्यांत. फोल्कमान नावाच्या जर्मन सर्जनने १८८१ साली घट्ट बांधणीनंतर वळलेल्या अशाच हातांचं वर्णन केलं, त्याच्या नावानेच हे ओळखलं जातं. म्हणजे हे वैद्यांच्याच हातून होतं असं नाही, प्लॅस्टरनेही होतं. आमच्या हातूनही झालेलं आहे.

रानवाटा, गळपट्टीचं हाड बहुतेकांचं नुसता हात गळ्यात अडकवून जुळतं, आम्हीही कित्येकांना तेवढंच करतो. तुमच्या वैद्यांनी योग्यच केलं. त्यांना एवढीच विनंती करा: गुडघ्याखालचं आणि कोपराजवळचं हाड असेल तर नुसता आधार देऊन पुढे पाठवा, गोल आवळून बांधू नका, आणि हाडाचं टोक कातडीबाहेर दिसत असेल तर लेप अजिबात नको. उघड्या मोडीत जितक्या लवकर प्रतिजैविक आणि धुणं होईल तितका पू टळतो.

रानवाटा

पटलं. उद्या त्यांच्याकडे जातो. मुक्तछाया ताई, तुमची गोष्ट त्यांना सांगितली तर चालेल का?

मुक्तछाया

जरूर सांगा.

यष्टीमागे

अवांतर, पण इथे खेळाडूंचे पालक आहेत म्हणून लिहितो. सगळीच मोडलेली हाडं आवाज करत नाहीत. मी क्लब क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक. झेप घेतली, तळहातावर पडलो, मनगट दुखलं. एक्स-रे स्वच्छ आला, मुरगळलं म्हणून मलम लावत खेळत राहिलो. पाच महिन्यांनी कळलं की स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड मोडलं होतं. त्याला रक्त टोकाकडून उलटं येतं, त्यामुळे मधे मोडलं की मागचा तुकडा उपाशी राहतो. माझ्या कमरेचं हाड काढून तिथे भरावं लागलं आणि आतून डोकं नसलेला स्क्रू बसवला. अंगठा ताणला की मनगटाच्या कडेला खळगा पडतो, पडल्यावर तिथे दाबून दुखत असेल तर पहिल्या एक्स-रेवर विसंबू नका. दहा-चौदा दिवसांनी परत काढा, नाहीतर एमआरआय करा.

फिजिओ_सावंतवाडी

वारणाकाठ ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, कबड्डीच्या मुलामुलींबरोबर बरंच काम केलं आहे. आत्ताच्या काळात तीन गोष्टींकडे लक्ष द्या.

पहिली, घोटा. ती बसली असताना पाऊल वर ओढायला सांगा आणि अंगठा हलला नाही तरी त्याच्याकडे बघत हलवायचा प्रयत्न करू द्या, दिवसातून पुष्कळदा, थोडा थोडा वेळ. दुसरी, चालताना पाय घासतो का ते कानाने ऐका. घरात फरशीवर चप्पल फरफटल्याचा आवाज येत असेल तर सांगा, पट्टा बदलावा लागेल. तिसरी, गुडघ्याचा पुढचा भाग. रॉड तिथून घातल्यामुळे गुडघ्यावर बसताना दुखतं, कित्येकांना वर्षानंतरही. पकडीत गुडघे टेकावेच लागतात, तेव्हा हे तिला आधीच माहीत असू द्या म्हणजे घाबरणार नाही.

परत खेळण्याचा दिवस कॅलेंडरवर शोधू नका. मी माझ्या मुलींना सांगते, एका पायावर उभं राहून टाच पंचवीस वेळा उचल, दुसऱ्या पायाइतकी उंच. एका पायावर लांब उडी मार, चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के यायला हवी. मग वळणं, मग कुणी घोटा धरतं आहे असा सराव, मग गर्दीतली पकड. शेवटचं फार महत्त्वाचं, कारण पाय तयार झाला तरी कुणी घोट्याला हात लावला की अंग आपोआप आखडतं. आखडलेलं अंग परत मोडतं.

जुनी_मैदाने

मुलीला एक खरी गोष्ट सांगा. व्हॅलेरी ब्रुमेल, रशियाचा उंच उडीपटू. १९६३ मध्ये २.२८ मीटरचा विश्वविक्रम, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्ण. पुढच्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात उजव्या पायाचा चुराडा झाला. शस्त्रक्रियेमागून शस्त्रक्रिया झाल्या, हाड जुळेना, पाय आखूड झाला. शेवटी तो सैबेरियाच्या कडेला कुर्गान नावाच्या गावात इलिझारोव्ह या डॉक्टरकडे गेला. हाडातून आरपार बारीक तारा, त्या बाहेरच्या कड्यांना सायकलच्या चाकातल्या तारांसारख्या ताणून बसवलेल्या. हाड तर जुळलंच, पायाची लांबीही भरून आली. नंतर त्याने परत दोन मीटरच्या वर उडी मारली. विक्रम परत झाला नाही. पण तो उडी मारायला गेला, हे मला विक्रमापेक्षा जास्त आवडतं.

आणि धातू शरीरात राहण्याची भीती असेल तर भारताचा क्रिकेट कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर आठवा. १९६२ मध्ये बार्बाडोसला चेंडू डोक्याला लागला, जिवावरचं दुखणं, वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेलने स्वतःचं रक्त दिलं. डोक्यात बसवलेली धातूची पट्टी २०२२ मध्ये काढली. साठ वर्षं ती तिथेच होती.

वारणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला फार उशीर झाला. आज सात महिने पूर्ण झाले.

चाचणी दिली नाही. डॉक्टरांचा निरोप सांगितला तेव्हा दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच मैदानावर गेली आणि निवडीला आलेल्या मुलींचे गुण लिहायला बसली. मला ते बघवलं नाही, मी घरी आले.

पायाचं सांगते. अंगठा हलतो. पाचव्या महिन्यात एका संध्याकाळी ती टीव्ही बघत बसली होती आणि मला म्हणाली, "आई, इकडे बघ." अंगठा तांदळाच्या दाण्याएवढा वर झाला. मी तिथेच खाली बसले.

पण हाड पूर्ण जुळलेलं नाही. एक्स-रेत एका बाजूला फट दिसते, चालताना त्याच जागी दुखतं. डॉक्टर म्हणतात खालचे दोन स्क्रू काढू. मला हे समजत नाही. जुळत नाही म्हणून आधार कमी करायचा?

डॉ_कोकणकडा

प्रश्न अगदी रास्त आहे. रॉडला वर-खाली दोन्हीकडे स्क्रू असले की हाडाचे तुकडे ठरावीक अंतरावर अडकून राहतात. मधे थोडी फट असेल तर ती तशीच राहते. एका बाजूचे स्क्रू काढले की पाऊल टाकताना तुकडे रॉडवरून किंचित सरकून एकमेकांवर दाबले जातात. रॉड आत असल्यामुळे पाय वाकडा होत नाही. हाडाला असा लयीतला दाब मिळाला की नवं हाड धरायला लागतं. छोटी शस्त्रक्रिया आहे, बहुधा त्याच दिवशी घरी. पूर्वी यासाठी घाई व्हायची. आता नडगी तशीही सावकाश जुळते म्हणून बरेच जण निदान सहा महिने थांबतात. तुमचे डॉक्टर थांबले, हे मला योग्य वाटतं.

या आधी ड जीवनसत्त्व तपासून घ्या आणि रक्तावरून जंतुसंसर्ग नाही ना ते पाहा. जेवणात प्रथिनं पुरेशी आहेत का? वजन वाढेल म्हणून या मुली जेवण तोडतात, ते आत्ता चालणार नाही. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर तिच्याजवळ नको.

मातीतला_चढाईपटू

अंगठ्याचं वाचून बायकोला हाक मारून वाचून दाखवलं. गुण लिहायला बसली हे तर फारच आवडलं. पोर खेळाडू आहे.

पिंपळपार

खर्चाचं कुणी बोललं नाही म्हणून एक सांगतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हाडांच्या बऱ्याच शस्त्रक्रिया येतात, पण योजनेत असलेल्या रुग्णालयातच. रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन आधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. आम्ही भरती झाल्यावर पळापळ केली आणि कार्डावरच्या नावातली चूक दुरुस्त करण्यात दोन दिवस गेले. खेळाडूंच्या घरच्यांनी हे कागद आधीच नीट करून ठेवावेत.

वारणाकाठ

अकरावा महिना. शेवटचं कळवते.

स्क्रू काढले, तेही तिच्या डोळ्यांदेखत, कारण मणक्यात भूल होती. ते दोन्ही तिने डबीत ठेवले आहेत. दहा आठवड्यांनी एक्स-रे काढला तर फटीच्या जागी पांढुरकं, फुगीर हाड. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं. ड जीवनसत्त्व फार कमी निघालं होतं, त्याचं औषध चालू आहे.

तो शिकाऊ डॉक्टर आता दुसरीकडे गेला आहे. त्याला शोधून फोन केला. म्हणाला, काकू, त्या रात्री मलाही खात्री नव्हती, पण तिचा आवाज मोडलेल्या हाडाचा वाटला नाही. जिथे आम्ही होतो तिथल्या मोठ्या डॉक्टरांनाही मी भेटून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. आता रात्रपाळीच्या तक्त्यावर नडगीच्या पेशंटची बोटं दर तासाला हलवून बघायची नोंद असते, असं तिथल्या सिस्टरनेच मला दाखवलं.

फिजिओ ताई, टाच पंचवीस वेळा उचलते. उडी ८६ टक्के आहे, अजून चार हवेत. गुडघ्यावर बसली की दुखतं, पण बसते. घोटा धरायचा सराव मी स्वतः करते तिच्याबरोबर, घरी, अंगणात. पहिले चार दिवस हात लावला की थरथरायची.

अंगठा अजून थोडा कमी उचलतो, म्हणून आता ती डावा पाय पुढे टाकून बोनस शिकते आहे, उजवा मागे हवेत. काल संध्याकाळी आमच्या मातीच्या मैदानावर समोर कुणी नसताना दहा-बारा वेळा केलं. दोन महिन्यांपूर्वी चालताना उजव्या पायाच्या बोटांनी मातीत रेघ ओढली जायची. काल ती घरी निघाल्यावर मी मागे थांबून वाकून बघितलं. फक्कीच्या रेषेपलीकडे डाव्या पावलाचे ठसे होते. उजव्याची रेघ कुठे नव्हती.